आल्फामा चालताना उंचीचा हिशोब आधी करा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: मे महिन्यात आई-बाबांना घेऊन तीन दिवस लिस्बनला येताय. बाबा सत्तरीचे आहेत, चालायला खुटखुटीत. आईचे गुडघे दुखतात. आल्फामा हा शहराचा सगळ्यात जुना भाग पायी बघायचा तुमच्या मनात आहे, पण जिथे वाचावं तिथे चढ, पायऱ्या आणि पाकीटमार. मग पिवळ्या ट्राममधूनच बघून घ्यावा का, गाइड करावा का, आणि आई अंडंसुद्धा खात नाही, तिच्या खाण्याचं काय करावं?

पायीच बघा. ट्राममधून आल्फामाची फक्त कड दिसते, कारण आतल्या गल्ल्यांत ट्राम काय, हातगाडीसुद्धा शिरत नाही. मी लिस्बनमध्ये राहते आणि महाराष्ट्रातून येणाऱ्या छोट्या गटांना हे जुने भाग चालत दाखवणं हेच माझं काम आहे. गुडघेदुखीच्या कितीतरी काकू-मावश्यांबरोबर मी इथून चालले आहे. त्यावरून एक गोष्ट ठामपणे सांगते. इथे लोक थकतात ते फार चालल्यामुळे नाही, चुकीच्या उंचीवरून सुरुवात केल्यामुळे थकतात. मोबाइलचा नकाशा आल्फामा सपाट दाखवतो. किल्ला ते नदी हे अंतर त्यावर अर्ध्या किलोमीटरच्या आसपास दिसतं आणि माणूस म्हणतो, दहा मिनिटांत पोचू. पण किल्ला सुमारे 110 मीटर उंच टेकडीवर आहे आणि नदी तिच्या पायथ्याशी. म्हणजे हे अर्धा किलोमीटर चालणं नव्हे, एका टेकडीची पूर्ण चढण आहे.

म्हणून पहिला नियम: वर वाहनाने जा, खाली पायी या. प्रासा दा फिगेइरा या मध्यवर्ती चौकातून 737 क्रमांकाची छोटी बस निघते आणि थेट किल्ल्याच्या दाराशी सोडते. अठ्ठावीस नंबरच्या त्या पिवळ्या ट्रामसाठी लोक तासतास रांगेत उभे असतात, तेव्हा ही बस बरेचदा अर्धी रिकामी जाते. मेट्रो स्टेशनवरच्या यंत्रातून प्रत्येकी एक ‘नावेगान्त’ कार्ड घ्या (एका कार्डावर दोघांना जाता येत नाही) आणि त्यावर चोवीस तासांचा पास भरा. बस, ट्राम, मेट्रो तिन्हींना चालतो. बसने जायचं नसेल तर दुसरा मार्ग बायशा भागातल्या रुआ दुश फांकेइरुश या रस्त्यावर आहे. तिथल्या एका इमारतीत सार्वजनिक लिफ्ट आहे, फुकट. ती वरच्या रस्त्यावर सोडते, तिथून थोडं चाललं की बाजाराच्या जुन्या इमारतीत दुसरी लिफ्ट मिळते. निम्मी टेकडी अशी बसल्या जागी चढून होते.

आता गुडघ्यांबद्दल, कारण “वरून खाली चाला” एवढं सांगून थांबलं तर आईंचे हाल होतील. दम लागणाऱ्या माणसाला उतरणं सोपं असतं, पण गुडघे दुखणाऱ्याला पायऱ्या उतरणं हे चढण्यापेक्षाही त्रासाचं असतं. प्रत्येक पायरीला सगळा भार गुडघ्यावर येतो. तेव्हा आईंसाठी वाट निवडताना ‘उतार’ आणि ‘पायऱ्या’ यांत फरक करा. उतार चालतील, पायऱ्या नकोत. आल्फामात अशी वाट आहे, ती पुढे सांगते. घडीची काठी बरोबर घ्या आणि ती पहिल्यापासून हातात असू द्या, दुखायला लागल्यावर नव्हे.

बुटांचं आत्ताच सांगते. इथली फरसबंदी चुनखडीच्या छोट्या चौकोनी दगडांची आहे. वर्षानुवर्षं पावलं पडून ते दगड गुळगुळीत झाले आहेत. कोरडे असताना काही वाटत नाही, पण पावसाची एक सर आली की उतारावर पाय सटकतो. जाड रबरी तळाचे, आधी महिनाभर वापरलेले बूट हवेत. चामडी चप्पल, सपाट तळाची सँडल, साडीखाली घातलेली शोभेची चप्पल, काहीही नको.

सकाळी साडेआठपर्यंत किल्ल्याच्या दाराशी पोचा. किल्ल्याच्या आत जायचं की नाही? माझं मत, वेळ कमी असेल तर नका जाऊ. आज दिसणारे बुरूज आणि तटबंदी यांचा मोठा भाग 1938 ते 1940 या काळात, हुकूमशहा सालाझारच्या राजवटीत नव्याने उभा केलेला आहे. तिकीट महाग, आत पुन्हा चढउतार, आणि तिथून दिसतं ते दृश्य पुढे फुकटात दिसणार आहे. बाबांना किल्ल्यांची आवड असेल तर गोष्ट वेगळी. 1147 मध्ये पोर्तुगालच्या आफोंसू एन्रीकेश या राजाने उत्तर युरोपातल्या क्रूसेडरांची मदत घेऊन मुसलमान शासकांकडून हे शहर घेतलं, ते याच टेकडीला काही महिने वेढा घालून.

किल्ल्यापासून चौकांतून, गल्ल्यांतून उतरत पाच-दहा मिनिटांत तुम्ही सांता लुझीयाच्या सज्जावर, म्हणजे दृश्य बघायच्या मोकळ्या गच्चीवर येता. खाली लाल कौलं, त्यांतून डोकावणारे पांढरे चर्चचे मनोरे आणि पलीकडे समुद्रासारखी रुंद तेजो नदी, इंग्रजी नकाशांवरची टेगस. सगळे इथे कठड्याकडे धावतात. तुम्ही आधी मागे वळा. चर्चच्या बाहेरच्या भिंतीवर निळ्या-पांढऱ्या टाइल्सची दोन चित्रं आहेत. एकात किल्ल्यावरचा तो 1147 चा हल्ला आहे. दुसऱ्यात नदीकाठचा राजवाड्याचा चौक आहे, भूकंपाआधी होता तसा. या दुसऱ्या चित्रासमोर आई-बाबांना पाच मिनिटं उभं करा. पुढचं सगळं चालणं समजायला ते चित्र लागतं.

1 नोव्हेंबर 1755. ऑल सेंट्सचा सण, सकाळचे साडेनऊ वाजून गेलेले. चर्चमध्ये गर्दी, वेदीवर मेणबत्त्या पेटलेल्या. तेवढ्यात भूकंप झाला. युरोपच्या ज्ञात इतिहासातल्या सगळ्यात मोठ्या भूकंपांपैकी तो एक होता. लोक पडझडीपासून पळून मोकळ्या नदीकाठी गेले, आणि थोड्या वेळात नदीतून त्सुनामीच्या लाटा आत आल्या. मेणबत्त्यांनी आणि चुलींनी लागलेली आग पुढे कित्येक दिवस धुमसत राहिली. चित्रातला राजवाडा गेला, त्यातला ग्रंथसंग्रह गेला, दरीतला सगळा बायशा भाग जमीनदोस्त झाला. तो भाग नदीच्या गाळाच्या मऊ जमिनीवर होता. आल्फामा टेकडीच्या टणक थरांवर होता. इथेही घरं पडली, चर्च मोडली, पण गल्ल्यांचं जाळं टिकलं.

हे एकदा कळलं की शहर वाचता येतं. सज्जावरून उजवीकडे, टेकडीच्या पलीकडे बायशा आहे: पट्टीने आखल्यासारखे सरळ रस्ते, एकसारख्या उंचीच्या इमारती. तो भाग भूकंपानंतर राजाचा मंत्री, पोंबालचा मार्किस याने नव्याने वसवला, आणि त्या घरांच्या भिंतींत लाकडी चौकटींचा पिंजरा घातला, म्हणजे हादऱ्यात भिंत लवेल, कोसळणार नाही. आणि पायाखाली आल्फामा: कुठलाही रस्ता सरळ नाही, गल्ली मध्येच वळते, घराच्या खालून जाते, पायऱ्या होते, अंगणात संपते. मुस्लिम अमलातल्या वस्तीची ही वीण आहे. सावली धरून ठेवायची, वारा अडवायचा, पाऊस वाहून न्यायचा, या गरजांतून ती झाली आहे. सहा शतकांहून जास्त अंतराची ही दोन शहरं इथे शेजारी शेजारी आहेत.

शेजारीच पोर्ताश दु सोलचा सज्जा आहे. तिथे संत विसेंतचा पुतळा आहे, हातात जहाज, जहाजावर दोन कावळे. कथा अशी की संताच्या अस्थी 1173 मध्ये दक्षिणेच्या भूशिरावरून जहाजाने आणल्या तेव्हा दोन कावळे सोबत राखण करत आले. हे जहाज आणि कावळे शहराचं चिन्ह झाले. बरोबर लहान मूल असेल तर त्याला कामाला लावा: दिव्याच्या जुन्या खांबांवर, गटाराच्या झाकणांवर कावळे शोधायचे. मोठ्यांचीही नजर मग जमिनीवर आणि भिंतींवर राहते, मोबाइलवर नाही.

इथे तुमच्या वाटा वेगळ्या होतील.

बाबा आणि तुम्ही: सांता लुझीयाच्या बाजूने जुन्या तटाला लागून पायऱ्यांची एक गल्ली उतरते, रुआ नोर्बेर्तु द आराउझु. तिथे तटाचा जुना दगड हाताला लागतो. याच पायऱ्यांच्या बोगद्यात शहराचा इतिहास कॉमिकसारख्या चित्रांतून भिंतीवर रंगवला आहे. बाबांना रोमनांपासून सगळा क्रम तिथेच मिळेल. मग साऊं मिगेल चर्चच्या दिशेने उतरत राहा. या टप्प्यात नकाशा खिशात टाका. गल्ल्या इतक्या अरुंद आहेत की मोबाइलचा निळा ठिपका घराघरांवरून उड्या मारतो. वाट चुकण्याची भीती बाळगू नका, कारण उतार धरला की नदी येतेच. परत वर जायचं असेल तर चढ धरा. नदीकडे उतार, किल्ल्याकडे चढ, एवढं ध्यानात असलं की कुणाला विचारावंही लागत नाही.

आई आणि सोबतीला कुणी एक: सांता लुझीयावरून ट्रामच्या रस्त्याने खाली कॅथीड्रलकडे या. हा सलग उतार आहे, पायऱ्या नाहीत. फुटपाथ अरुंद आहे, ट्राम अगदी अंगाजवळून जाते, तेव्हा घंटा ऐकू आली की भिंतीकडेला थांबायचं. कॅथीड्रल 1147 च्या विजयानंतर लगेच बांधायला घेतलं. दोन बुरुजांमुळे ते देवळापेक्षा गढी वाटतं. आत गारवा असतो आणि बसायला बाकं आहेत, दहा मिनिटं टेकून घ्या. मग कॅथीड्रलच्या उजव्या अंगाने मागे जाणारी गल्ली धरा. ती पुढे रुआ दे साऊं जुआऊं दा प्रासा होते. गाइडबुकं ही गल्ली फारशी सांगत नाहीत. पण खुद्द आल्फामाच्या पोटात जवळपास पायऱ्यांशिवाय नेणारी हीच वाट आहे. हळूहळू उतरते, दोन्ही बाजूंना घरं, दारात खुर्ची टाकून बसलेल्या आज्या, पिंजऱ्यातले पक्षी, वर दोऱ्यांवर धुणं. शेवटी साऊं राफायेलच्या चौकात जुन्या तटाच्या बुरुजाचा तुकडा दिसतो. पुढे रुआ दे साऊं पेद्रु, आणि तिच्या टोकाला लार्गु दु शाफारीश द देंत्रु हा मोकळा चौक. दोन्ही वाटा इथे भेटतात. इथून नदीपर्यंत सगळं सपाट. आईंनी एकही जिना न उतरता आल्फामा आतून पाहिला.

बाबांच्या पायांत अजून जोर असेल तर या चौकातून सांतु एश्तेवाऊंच्या पायऱ्या चढून या. एरवी रुआ दुश रेमेदियुशने हळूहळू चढत सांता एंग्रासियाच्या पांढऱ्या घुमटाकडे जाता येतं. ते चर्च 1682 मध्ये सुरू झालं आणि पूर्ण झालं 1966 मध्ये. आज ते राष्ट्रीय स्मृतिमंदिर आहे. फादो या लिस्बनच्या आर्त गाण्याची सगळ्यात मोठी गायिका आमालिया रोद्रिगेश 1999 मध्ये गेली, तेव्हा देशाने तीन दिवसांचा दुखवटा पाळला. 2001 मध्ये तिला इथे आणलं.

सपाट टप्पा लोक मेट्रो गाठायच्या घाईत उरकून टाकतात. तसं करू नका. चौकातून पश्चिमेकडे, नदी डावीकडे ठेवून चाला. उजवीकडे शाफारीश देल-रेय हा मध्ययुगापासूनचा पाणवठा लागेल. भिंतीला नळांची रांग, आता कोरडी. सोळाव्या शतकात इथे पाण्यावरून मारामाऱ्या होत, म्हणून नगरसभेने नळ वाटून दिले: हा गुलाम पुरुषांचा, हा गुलाम बायकांचा, हा जहाजावरच्या बंदिवानांचा, हा गोऱ्या बायकांचा. त्या काळी शहरातला सुमारे दहावा माणूस गुलाम होता. आफ्रिकेतून, आणि काही आशियातूनही आणलेला. चवदार तळ्याचा इतिहास शिकून आलेल्या आपल्या लोकांना इथे मला फार बोलावं लागत नाही. ते आपणहून एकेका नळासमोर उभे राहतात. आल्फामाच्या सुंदर फोटोंत ही भिंत नसते. ती बघितल्याशिवाय आल्फामा पाहिला असं मी म्हणणार नाही.

आणखी पुढे काझा दुश बीकुश. दर्शनी भिंतीला हिऱ्यासारखे टोकदार दगड बसवलेलं घर. लांबूनही ओळखू येतं. हे 1523 मध्ये बांधलं ब्राश द अल्बुकर्क याने. त्याचा बाप अफोंसो द अल्बुकर्क, 1510 मध्ये आदिलशाहीकडून गोवा घेणारा. गोव्याच्या इतिहासातलं एवढं मोठं पान, आणि त्या घराण्याचं घर इथे भर रस्त्यावर आहे. बरेच भारतीय पर्यटक समोरून निघून जातात. वरचे दोन मजले भूकंपात गेले होते, ते 1980 च्या दशकात पुन्हा चढवले. नीट पाहा, खालच्या आणि वरच्या खिडक्यांची घडण वेगळी आहे. तळमजल्यावर उत्खननात सापडलेले रोमन काळातले मासे खारवायचे हौद आणि जुन्या तटाची भिंत आहे. आता इथे नोबेलविजेते लेखक जुझे सारामागो यांच्या नावाची संस्था आहे, आणि समोरच्या ऑलिव्हच्या झाडाखाली त्यांच्या अस्थी पुरल्या आहेत.

तिथून काही मिनिटांत प्रासा दु कुमेर्सियु. सांता लुझीयाच्या भिंतीवर पाहिलेला राजवाड्याचा चौक तो हाच. राजवाडा नाही, पण लोक आजही याला राजवाड्याचाच चौक म्हणतात. इथे मेट्रो आहे. आठच्या सुमाराला निघालात तर बारापर्यंत इथे पोचता, उन्हाच्या आधी.

वेळेचा आग्रह मी करते तो ऊन आणि गर्दी दोन्हींसाठी. मोठ्या क्रूझ जहाजांचा धक्का आल्फामाच्या थेट पायथ्याशी आहे. जहाज लागलं की दहानंतर गल्ल्यांत माणसांचे लोंढे येतात आणि दुपारी चार-पाचपर्यंत ओसरत नाहीत. बंदराच्या संकेतस्थळावर जहाजांचं वेळापत्रक असतं. तुमच्या तीन दिवसांत ज्या दिवशी जहाज नाही तो दिवस आल्फामासाठी ठेवा. एवढी एक गोष्ट केलीत तरी फरक पडेल.

गाइड करावा का? वीस-पंचवीस जणांचा गट नको. दीड मीटर रुंदीच्या गल्लीत असा गट थांबला की राहणाऱ्यांना घराबाहेर पडता येत नाही, आणि मागच्या दहा जणांना काही ऐकूही येत नाही. करायचाच तर सहा-आठ जणांचा गट बघा आणि आधी विचारा, “पायऱ्या कुठे कुठे आहेत?” याचं नेमकं उत्तर देता आलं नाही तर तो माणूस आईंच्या कामाचा नाही. टुकटुक फक्त वर जाण्यासाठी एकेरी घ्यायला हरकत नाही. पैसे बसण्याआधी ठरवा.

पाकीटमार आहेत, पण ठरलेल्या जागी: अठ्ठावीस नंबरची ट्राम, तिचे थांबे, आणि सज्जांचे कठडे, जिथे सगळे दोन्ही हात वर करून फोटो काढत असतात. आतल्या गल्ल्यांत त्यामानाने निर्धास्त असावं. पासपोर्ट हॉटेलात, प्रत जवळ, पैसे आतल्या खिशात. ट्रामची हौस असेल तर सकाळी लवकर, कांपु द ओरीकच्या टोकाकडून बसा. तिथे रांग लहान असते. बायशात कुणी जवळ येऊन पुटपुटत काही विकायला लागलं तर न थांबता पुढे चला.

आता एक विनंती. आल्फामात माणसं राहतात. दारांशेजारी ‘ए एल’ अशी दोन अक्षरांची छोटी पाटी दिसेल. ती पर्यटकांना भाड्याने दिलेली घरं. ती मोजत चाललात तर बोटं पुरत नाहीत. जुने भाडेकरू भाडं न परवडून शहराबाहेर गेले, आणि हे इतकं वाढलं की 2018 मध्ये महापालिकेने आल्फामा, मोरारीया आणि आसपासच्या भागांत अशा नव्या नोंदण्या थांबवल्या. मागे राहिली आहेत ती बहुतेक म्हातारी माणसं. त्यांच्या उघड्या खिडकीत कॅमेरा घालू नका. दारात बसलेल्या आजींचा फोटो हवा असेल तर आधी “बों दिया” म्हणा, हाताने विचारा. नाही म्हणाल्या तर हसून पुढे व्हा. होकार दिला तर त्या बहुधा घरगुती ‘जिंजिन्या’चा छोटा पेलाही पुढे करतील, तो विकत असतो. ती आंबटगोड चेरीची दारू आहे, सरबत नव्हे. आईंना आधी सांगून ठेवा.

मेच्या अखेरीस आलात तर गल्ल्यांत रंगीत कागदी झालरी बांधायला सुरुवात झालेली दिसेल. 13 जून हा संत आंतोनियुचा दिवस, शहराची सुट्टी. आदल्या रात्री आल्फामात मुंगीला शिरायला जागा नसते, सगळीकडे सार्डिन मासे भाजल्याचा धूर. आई-बाबांना त्या रात्री आणू नका. पण त्याआधीच्या दिवसांत दुकानांसमोर ‘मांझेरीकु’च्या छोट्या कुंड्या मांडलेल्या असतात. बारीक पानांची, गोल छाटलेली, तुळशीच्याच कुळातली रोपं. प्रत्येकीत एक कागदी फूल आणि चार ओळींची कविता खोचलेली. वास घ्यायचा तर नाक लावायचं नाही. पानांवर तळहात हलकेच फिरवायचा आणि हाताचा वास घ्यायचा, अशी इथली रीत आहे. नाक लावलं तर रोप कोमेजतं म्हणतात. आमच्या गटातल्या बायका या कुंड्यांपाशी सगळ्यात जास्त रमतात.

संध्याकाळी फादो ऐकायला परत या, पण वेगळ्या दिवशी, एकाच दिवशी दोन्ही नको. लार्गु दु शाफारीश द देंत्रुमध्येच फादो संग्रहालय आहे. दुपारी ते पाहून ठेवलंत तर रात्री काय ऐकतोय ते कळेल. दिवे मंद होतात, बारा तारांची पोर्तुगीज गिटार सुरू होते आणि गाणारी उभी राहते. गाणं चालू असताना बोलणं, चमचा वाजवणं, फ्लॅश मारणं इथे अपमान समजतात. वेटरसुद्धा जागच्या जागी थांबतो. गायिकेच्या खांद्यावरची काळी शाल ही मारीया सेवेराच्या आठवणीची. मोरारीयात राहणारी ही गायिका 1846 मध्ये, पंचविशीत गेली. बरेच ठिकाणी जेवणाची किमान रक्कम ठरलेली असते, ती आणि सुरू व्हायची वेळ आधी विचारा. मेमध्ये सूर्य साडेआठच्या पुढे मावळतो, तेव्हा गाणं उशिराच रंगतं.

आईंचं खाणं. न विचारता टेबलावर पाव, ऑलिव्ह, चीज येतं. ते फुकट नसतं, पण नको म्हणून परत पाठवता येतं. सूप मिळतं सगळीकडे, मात्र हिरवं ‘काल्दु व्हेर्द’ शाकाहारी दिसलं तरी त्यात बहुधा डुकराच्या सॉसेजची चकती असते. ‘सोपा द लेगुमेश’ मागा आणि “सेंय कार्न, सेंय पेइश” म्हणा, मांस नको, मासे नको. काउंटरवर दिसणारा ‘शामुसा’ म्हणजे आपला समोसा, गोव्याच्या वाटेने इथे पोचलेला, पण आत बहुतेक वेळा खिमा असतो. प्रसिद्ध ‘पाश्तेल द नाता’ हे अंड्याच्या बलकाचं, आणि इथल्या बहुतेक पारंपरिक मिठायाही तशाच. म्हणून सकाळच्या वेळी पिशवीत दशम्या आणि फळं असू द्या. दुपारचं जेवण मार्तिं मोनीश चौकाच्या आसपास घ्या. टेकडीच्या पलीकडच्या अंगाला, मोरारीयात. तिथे भारतीय, बांगलादेशी, नेपाळी दुकानं आणि खानावळी आहेत, डाळ-भात-भाजी ताजी मिळते. 1961 नंतर गोव्यातून आणि 1975 नंतर मोझांबिकमधून आलेली भारतीय वंशाची कुटुंबंही या शहरात आहेत. एखाद्या काउंटरवर कोकणी कानावर पडली तर आश्चर्य वाटून घेऊ नका. पाणी नळाचं प्यायला चालतं. स्वच्छतागृहं रस्त्यावर फारशी नाहीत, तेव्हा कुठल्याही कॅफेत उभ्यानेच एक ‘बीका’, म्हणजे छोटी कडक कॉफी घ्या आणि तिथलं वापरा. कुणी काही म्हणत नाही.

मंगळवार किंवा शनिवार तुमच्या दिवसांत येत असेल तर सांता एंग्रासियाशेजारी ‘फेइरा दा लाद्रा’ हा जुना बाजार भरतो. जुनी भांडी, नाणी, पुस्तकं बघायला बाबांना आवडतील. फक्त सुट्या जुन्या टाइल्स विकत घेऊ नका. लिस्बनच्या घरांवरून टाइल्स चोरून विकल्या जात होत्या, आणि भिंतीवर मध्येच दिसणारे उघडे चौकोन हे त्याचंच लक्षण. 2017 च्या कायद्याने दर्शनी भिंतींवरच्या टाइल्स मनमानी काढायला देशभर बंदी आली. आठवण हवी तर नवीन, हाताने रंगवलेली घ्या. सोमवारी इथली बरीच संग्रहालयं बंद असतात, फादोचंही. चालायच्या सकाळी पाऊस असेल तर पायऱ्यांची वाट बाबांनाही सोडायला सांगा. सगळ्यांनी आईंच्या वाटेनेच, कॅथीड्रलच्या मागून उतरा.